एका गोष्टीला एक शब्द

...आणि वर मलाच विचारतात, बाई, एवढ्या चिडता कशाला, एका स्वल्पविरामाचाच तर प्रश्न आहे! मी म्हटलं, साहेब, नुसत्या स्वल्पविरामाचा प्रश्न असता तर मी केव्हाच गप्प बसले असते. पण तसं नाही ना. प्रश्न असा आहे की... थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला वाटेल, ही मुलगी कामातून गेली. आमच्या इमारतीत निम्म्या लोकांना तसं वाटतंच. उरलेल्या निम्म्यांना माझं नाव माहीत नाही, ते मला 'शिक्काताई' म्हणतात. का म्हणतात तेही सांगते. आज सगळंच सांगते, तुम्ही फक्त मधे उठून जाऊ नका, कारण मधे उठून जायला मला आमच्या ऑफिसातली माणसं पुरेशी आहेत.

तर मी विद्यापीठात नोकरीला आहे. प्रसिद्धी आणि पत्रव्यवहार विभाग. नाव मोठं, खोली जिन्याखाली. वरून कुणी धावत गेलं की माझ्या टेबलावर चुन्याचे पोपडे पडतात. खिडकी आहे, पण बाहेरून तिला सायकली टेकवलेल्या असतात, त्यामुळे ती उघडायची म्हणजे आधी नऊ सायकलवाले शोधायचे. या खोलीत बसून मी काय करते? तर विद्यापीठातून जे जे बाहेर जातं, पत्र म्हणा, सूचना म्हणा, परिपत्रक म्हणा, ते एकसारखं आहे का ते बघते. शब्द एकसारखे, तारखा एकसारख्या, विरामचिन्हं एकसारखी. माझी एक मैत्रीण मोठ्या कंपनीत आहे, ती म्हणाली, "म्हणजे तू दिवसभर टिंबं मोजतेस?" हो, मोजते. आमच्या ग्रंथालयाने सूचना लावली होती, 'पुस्तके वेळेत परत करावीत' आणि पुढे टिंबं. किती? सात. मी मोजली. वाक्य संपलंय की ग्रंथपालांना डुलकी लागलीय, कळायला मार्ग नाही.

पण टिंबांचं सोडा. तुम्हाला सांगते, मी या नोकरीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक पत्र वाचलं. एकाच पानाचं पत्र. पहिल्या ओळीत 'अर्जदाराने', तिसऱ्या ओळीत 'उमेदवाराने', खाली 'संबंधितांनी', आणि शेवटी, 'सदरहू व्यक्तीने'. आता ज्याला हे पत्र गेलं तो बिचारा घरी बसून काय विचार करेल? यातला मी कोण? ही चार माणसं आहेत, की चारही मीच? कागदपत्रं आणायची उमेदवाराने आणि सही करायची संबंधितांनी. तुम्ही हसताय, पण एक मुलगी खरंच वडिलांना घेऊन आली होती. खिडकीवर म्हणाली, "उमेदवार मी, संबंधित हे." आणि वडील नवा शर्ट घालून आले होते हो, दीडशे किलोमीटरवरून, संबंधित म्हणून! खिडकीतल्या माणसाने काय करावं? तो हसला. त्याने शेजारच्याला बोलावलं, तोही हसला.

मला नाही हसू आलं. मला वाटलं, हा अन्याय आहे. अहो, ज्याला विद्यापीठाची भाषा येत नाही त्यानेच तर विद्यापीठात यायचं असतं ना? मग दारातच असं कोडं कशाला घालून ठेवायचं? माझं म्हणणं काय होतं? एका गोष्टीला एक शब्द. बास.

म्हणून मी पुस्तिका लिहिली. सहा महिने खपले. बत्तीस पानं. 'विद्यार्थी' म्हणायचं तर सगळीकडे 'विद्यार्थी'. तारीख एकाच पद्धतीने. उद्गारचिन्ह फक्त आग लागल्यास. वाक्य लांबलं तर तोडा. पुस्तिका घेऊन आमच्या संचालकांकडे गेले. त्यांना आम्ही 'तूर्तास साहेब' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तूर्तासपासून सुरू होतं. त्यांच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण बायकोची ओळखसुद्धा ते "ही तूर्तास माझी मिसेस" अशीच करून देत असतील अशी मला शंका आहे. त्यांनी पुस्तिका चाळली, मागून पुढे, आणि म्हणाले, "तूर्तास ठीक वाटतंय."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, नुसती पुस्तिका काय करायची? कपाटात जाईल, तिच्यावर कुणी डबा ठेवेल. मी म्हटलं, सर, मला शिक्का द्या. कुठलंही पत्र आमच्या शिक्क्याशिवाय जावक व्हायचं नाही. आणि तुम्हाला सांगते, त्यांनी दिला! गोल शिक्का, मधे लिहिलंय 'सुसंगत'. म्हणून मी शिक्काताई.

एवढ्यावरही थांबले नाही. कार्यशाळा घेतली. आमच्याकडे कुठलंही पत्र बाहेर जायचं तर त्यावर आठ सह्या लागतात. आठ टेबलं, आठ माणसं. ती पूर्वी सह्या कशा करायची माहितीये? फोनवर बोलता बोलता. एका हातात फोन, "हो हो, गॅस बंद केलाय मी", दुसऱ्या हाताने सही. वाचायचा प्रश्नच नाही. पत्र चुकीचं असायचं, पण दोन दिवसांत जायचं. या आठही जणांना मी समोर बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि उभं राहून म्हटलं, "सही ही जबाबदारी आहे. वाचल्याशिवाय सही करू नका. एक जरी शब्द खटकला तरी थांबवा. बदल झालेलं पत्र पुन्हा पहिल्या टेबलापासून फिरू द्या, म्हणजे सगळ्यांनी एकच मजकूर पाहिलेला असेल." टाळ्या पडल्या. मला वाटलं, मी क्रांती केली.

आता माझ्या आईकडे येते. येते म्हणजे यावंच लागेल, ती नसती तर मी तुमच्यासमोर कशाला उभी राहिले असते.

माझी आई रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर आहे. सव्वीस वर्षं. नाव, वय, पत्ता, काय होतंय, कधीपासून होतंय, पुढचा. तिच्यामागून आलेल्या तिघी आज तिच्या वरच्या खुर्चीत आहेत, कारण त्या पदवीधर आणि ही नाही. ही का नाही? एक पेपर राहिला म्हणून. पेपर सहावा, तर्कशास्त्र. चोवीस वर्षांपूर्वी त्या पेपरच्या दिवशी सकाळी मी यायचं ठरवलं, तीन आठवडे आधी. म्हणजे बघा, घाई माझी जन्मापासूनची. आई कधी बोलून दाखवत नाही. फक्त माझ्या वाढदिवसाला कुणी विचारलं की म्हणते, "हो, आज तर्कशास्त्र."

तर आमच्या विद्यापीठाने ठरवलं, जुन्या अभ्यासक्रमाच्या बाहेरून बसणाऱ्यांपैकी ज्यांचा एकच पेपर राहिलाय त्यांना शेवटची संधी द्यायची. शेवटची म्हणजे शेवटची, त्यानंतर तो अभ्यासक्रम बंद. आईने अर्ज भरला. दोनशे चौदा जणांनी भरला. कुणी वीस वर्षांनी, कुणी तीस. यांना हॉलतिकीट वगैरे काही नाही, परीक्षा विभागाने एक पत्र पाठवायचं, तारीख आणि केंद्र त्यातच, तेच दाखवून आत जायचं. पत्र नाही तर प्रवेश नाही.

आईने पुस्तकं आणली. स्वयंपाकघरात ओट्यावर पुस्तक उघडं, त्यावर लाटणं आडवं, पान उलटू नये म्हणून. भाजी परतता परतता विधान, गृहीतक, अनुमान. घरात बोलायची सोय राहिली नाही. मी म्हणावं, "आई, सगळी माणसं सारखीच गं", की तिने मान वर करायची, "सगळी? एकही अपवाद सापडला तर विधान पडेल, विचार करून बोल."

आणि तेरा तारखेला ते पत्र माझ्या टेबलावर आलं. परीक्षा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. तेवीस दिवस हातात. पत्र घेऊन परीक्षा विभागातले वरिष्ठ लिपिक स्वतः आले होते. त्यांना सगळे काका म्हणतात. एकतीस वर्षं नोकरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आवाज असा की रागावले तरी विचारपूस केल्यासारखा वाटतो. म्हणाले, "ताई, एवढं शिक्का मारून द्या, आठही सह्या मी दुपारपर्यंत घेतो, उद्या टपालात टाकतो."

मी वाचलं. पहिल्या ओळीत 'परीक्षार्थी'. दुसऱ्या परिच्छेदात 'उमेदवार'. मग 'बहिःस्थ'. मग पुन्हा 'परीक्षार्थी'. तारीख एकदा अंकात, एकदा अक्षरात. पूर्णविरामाच्या जागी कुठे टिंब, कुठे उभी रेघ, कुठे काहीच नाही, वाक्य आपलं रस्त्यात उभं. मी लाल पेन काढलं.

काका म्हणाले, "ताई, कळतंय ना पण? पाच तारीख, सकाळी दहा, अमुक केंद्र. कळतंय ना?"

मी म्हटलं, "काका, तुम्हाला कळतंय. तुम्ही लिहिलंय."

"मग दोनशे चौदा मोठी माणसंच आहेत की. पोरंबाळं झालेली. त्यांना नाही का कळणार?"

"काका, त्यातली एक माझी आई आहे."

बिचारे खूश झाले. म्हणाले, "अरे वा! मग तर लवकर जाऊ द्या."

आणि मी काय म्हटलं, ऐका. मी म्हटलं, "माझी आई आहे म्हणूनच. चोवीस वर्षांनी तिला विद्यापीठाचं पत्र येणार, ते असलं येऊ देऊ? नीट करून आणा." आणि सत्तावीस ठिकाणी लाल करून पत्र त्यांच्या हातात परत दिलं. आता तुम्ही सांगा, माझं म्हणणं काय वाईट होतं? एका गोष्टीला एक शब्द. बास. मला वाटलं दोन दिवस लागतील. फार तर तीन.

काकांनी दुसऱ्या दिवशी सुधारून आणलं. सुंदर पत्र. नऊ वाक्यं. मी शिक्का मारला आणि पत्र निघालं फिरायला.

दुसऱ्या टेबलावर अधीक्षक. पूर्वी ते कागद उलटा असला तरी सही करायचे. आता चष्मा लावून बसले. अर्धा दिवस वाचलं. नऊ वाक्यं, अर्धा दिवस. मग म्हणाले, "तुमच्या पुस्तिकेत पान अकरावर लिहिलंय, 'कृपया' एका पत्रात एकदाच वापरावे. इथे दोनदा आहे." बरोबर होतं हो. दोनदा होतं. पत्र पहिल्या टेबलावर परत. सुधारलं. शिक्का. पुन्हा निघालं. चौथ्या टेबलावर उपकुलसचिव मॅडम. त्या म्हणाल्या, "हे बघ, तू म्हणालीस तेव्हापासून मी एकही कागद सोडत नाही. इथे स्वल्पविराम हवा." दिला. परत पहिल्या टेबलावर. दुसऱ्या खेपेला चौथ्या टेबलावर गेलं तेव्हा त्याच मॅडम म्हणाल्या, "हा स्वल्पविराम कुणी घातला?"

तुम्हाला खरं कारण सांगू? मला फार उशिरा कळलं. कार्यशाळेनंतर त्या आठ जणांत अशी समजूत झाली की ज्याने काही बदल सुचवला नाही त्याने वाचलंच नाही. तिसऱ्या टेबलावरच्यांनी एकदा जसंच्या तसं सही करून पाठवलं, तर सहाव्या टेबलावरून विचारणा आली, "वाचलं होतं ना?" तेव्हापासून तेही एक शब्द बदलायला लागले. एकच, जास्त नाही. हजेरी लावल्यासारखा. माणसं आळशी होती तेव्हा पत्रं जात होती. मी त्यांना कर्तव्यदक्ष केलं.

पण खरी गंमत पाचव्या आणि सहाव्या टेबलावर. पाचव्यावर विधी अधिकारी, सहाव्यावर परीक्षा नियंत्रक. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्याला परीक्षेस बसता येईल'. विधी अधिकारी म्हणाले, "येईल? येईल म्हणजे आपण शब्द दिल्यासारखं होतं. उद्या भूकंप झाला तर? 'येऊ शकेल' करा." केलं. पहिल्या टेबलापासून फिरलं. सहाव्यावर नियंत्रक म्हणाले, "येऊ शकेल? शंका आहे का आपल्याला? तुमच्याच पुस्तिकेत आहे, संदिग्ध लिहू नये. 'येईल' करा." केलं. पहिल्या टेबलापासून फिरलं. पाचव्यावर पुन्हा 'येऊ शकेल'. सहाव्यावर पुन्हा 'येईल'. चार वेळा, तुम्हाला सांगते, चार वेळा! हे दोघं समोरासमोरच्या खोल्यांत बसतात. दुपारी एका टेबलावर डबा खातात. मी जाऊन म्हटलं, तुम्ही एकमेकांशी बोला ना. तर विधी अधिकारी म्हणाले, "तोंडी बोलण्याला अर्थ नसतो, असं तुम्हीच शिकवलंत."

घरी रोज संध्याकाळी आई विचारायची, "माझं पत्र कुठवर आलं?"

"पाचव्या टेबलावर."

"काल पण पाचव्यावरच होतं."

"काल चौथ्यावरून पाचव्यावर आलं होतं. आज पहिल्यावरून निघून आलंय."

"म्हणजे मागं गेलं."

"मागं नाही गं, पुन्हा पुढं."

तिने झारा बाजूला ठेवला. म्हणाली, "जे पुढं जातं ते कधीतरी पोचतं. हे पोचत नाही. म्हणून हे पुढं जात नाही." आणि खूश झाली हो, कारण अनुमान नीट जमलं होतं. तिला वाटलं मी पण खूश होईन. मी ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. कारण एक गोष्ट तिला मी सांगितलीच नव्हती. की पत्र तेरा तारखेलाच तयार होतं. वाकडंतिकडं, पण तयार. आणि ते परत कुणी पाठवलं.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा मी काकांकडे गेले. म्हटलं, काका, ते पहिलं पत्र होतं ना, जसं होतं तसं, उभ्या रेघांसकट, तेच पाठवून द्या. काकांनी फाईल काढली. पत्र दाखवलं. सत्तावीस लाल खुणा आणि खाली माझी सही, 'अमान्य'. म्हणाले, "ताई, हे तर तुम्हीच बाद केलंत. बाद पत्र मी कसं पाठवू? माझी नोकरी सात महिने राहिलीय."

मग मी तूर्तास साहेबांकडे गेले. बोलले, भांडले, रडायचीच बाकी होते. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "तूर्तास असं करू, प्रक्रिया पूर्ण होऊ दे." मी म्हटलं, सर, परीक्षेची तारीख पुढे ढकला. "तूर्तास तारीख पुढे ढकलायची तर तसं पत्र काढावं लागेल." आणि त्या पत्राला? आठ सह्या.

आठवी सही झाली पाच तारखेला. दुपारी बारा वाजता. पेपर सकाळी दहाला होता.

आम्ही दोघी सकाळी नऊलाच केंद्रावर पोचलो होतो. तारीख आईला माझ्या तोंडून माहीत होती, माझ्याकडे कच्च्या पत्राची प्रत होती, माझं ओळखपत्र होतं, मला वाटलं निभावून नेऊ. आई इस्त्रीच्या साडीत, पिशवीत तीन पेनं. फाटकाशी अजून चौघं होती, इकडून तिकडून फोन करून तारीख काढलेली. एक बसचालक, गणवेशातच, आणि तिघी बायका. त्यांतल्या दोघी एकमेकींच्या जावा, एकीच्या कडेवर नातू. दोनशे चौदांपैकी पाच. बाकीच्यांना आज परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं.

केंद्रप्रमुखांनी माझी प्रत बघितली. "यावर सह्या कुठायत?" मी म्हटलं, होताहेत. त्यांनी टेबलाच्या खणातून एक पुस्तिका काढली. हो, तीच. नियम एकोणीस. 'आठ सह्या व जावक क्रमांक नसलेले पत्र केवळ मसुदा समजावे व कोणत्याही कारणासाठी ग्राह्य धरू नये.' माझ्याकडे वळवून म्हणाले, "वाचा. तुमच्याच विभागाने पाठवलंय." मी वाचलं काय, मला पाठ होतं.

दहाची घंटा झाली. नियम म्हणजे नियम, आत पर्यवेक्षक बसले, पाकिटं फोडली, रिकाम्या बाकांवर प्रश्नपत्रिका ठेवल्या. बाहेर पायरीवर आम्ही सहा जण. अर्ध्या तासाने राहिलेला वेळ सांगणारी घंटा झाली. कुणाला सांगत होती कुणास ठाऊक. काका त्या दिवशी विभागाकडून केंद्रावर आले होते. आईने त्यांना विचारलं, "भाऊ, पत्र मुळात का हो अडलं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याचा दोरा नीट केला. आणि म्हणाले, "टेबलांचा घोळ झाला, वहिनी."

आई म्हणाली, "टेबलांना तरी काय बोलणार." आणि मी, जी मी कार्यशाळेत जबाबदारीवर पाऊण तास बोलले होते, ती मी पिशवीतली पेनं मोजत बसले. तीन होती. पुन्हा मोजली.

एक वाजता सगळं संपल्यावर आईने फाटकावरच्या माणसाकडून एक प्रश्नपत्रिका मागून घेतली. उभ्या उभ्या वाचली. दोन्ही बाजूंनी. म्हणाली, "सोपा होता गं. पहिला प्रश्न तर मला फार आवडला असता." आणि घडी घालून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागाचा अहवाल माझ्या टेबलावर आला, शिक्क्यासाठी. 'परीक्षा शांततेत पार पडली.' पडणारच. गैरप्रकार शून्य. उपस्थितीही शून्य. आणि त्यावरून वरच्यांनी काय निष्कर्ष काढला? की जुन्या विद्यार्थ्यांना या संधीत रस नाही. मला सांगा, हे तर्कशास्त्रात बसतं? आईला विचारणार होते. नाही विचारलं.

मी साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, सर, दोष आपला आहे, माझा आहे, लिहून देते, परीक्षा पुन्हा घ्या. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "तूर्तास लिहून वगैरे काही देऊ नका. लिहून दिलं की त्यावर सह्या लागतात." तेव्हाच ते स्वल्पविरामाचं म्हणाले मला, जे मी सुरुवातीला सांगत होते. एका स्वल्पविरामाचाच तर प्रश्न.

मग अर्ज यायला लागले. पुन्हा संधी द्या म्हणून. एकसष्ट अर्ज. कुणी दोन ओळी लिहिलेल्या, कुणी चार पानं. एकाने लिहिलं होतं, 'मी उमेदवार आहे की परीक्षार्थी ते मला माहीत नाही पण मला बसू द्या.' त्यातच आईचा अर्ज. तिने मला सांगितलंही नव्हतं. अक्षर बघूनच ओळखलं, नोंदणी खिडकीचं अक्षर, प्रत्येक ओळ सरळ. नाव, वय, पत्ता. काय झालं, कधी झालं. विनंती.

वरून निर्णय आला: नाही. आणि उत्तर लिहायचं काम कुणाकडे? साहेब म्हणाले, "तूर्तास तुमच्या पुस्तिकेप्रमाणे एकच उत्तर तयार करा, एकसष्ट प्रती." मी म्हटलं, मी नाही लिहिणार, हा निर्णयच चुकीचा आहे. ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी वाक्य तूर्तासने सुरू केलं नाही, "निर्णय आपला नसतो, बाई. भाषा आपली असते. तुम्ही नाही लिहिलंत तर काका लिहितील. मग त्या लोकांना नकार तर मिळेलच, वर तो कळणारही नाही."

म्हणून मी लिहिलं. राजीनामा द्यायला हवा होता, माहितीये, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण राजीनामा दिला तर घरी सांगावं लागलं असतं का दिला ते. पाच वाक्यं लिहिली. जीव ओतून लिहिली. गोल गोल काही नाही, 'सदरहू' नाही, 'खेदपूर्वक' नाही. विद्यार्थी म्हणजे विद्यार्थी. एका गोष्टीला एक शब्द, बास.

दुपारी दोनला पत्र निघालं. मी मनात म्हटलं, फिरेल आता महिनाभर, तेवढ्यात काहीतरी होईल, कुणाला तरी दया येईल. साडेतीनला आठही सह्या होऊन परत आलं. एकही बदल नाही. उपकुलसचिव मॅडमना स्वल्पविराम नको, विधी अधिकाऱ्यांना 'शकेल' नको. मी काकांना विचारलं, असं कसं हो? काका म्हणाले, "नाही म्हणायच्या पत्राला कुणी हात लावत नाही, ताई. हात लावला की आपलं म्हणून दिसतं." चारच्या टपालाने गेलं.

दोन दिवसांनी घरी पोचलं. मी संध्याकाळी आले तर आई खिडकीशी उभी, पत्र हातात. मला म्हणाली, "विद्यापीठाचं आलंय." मी म्हटलं, "काय म्हणतात?" बघा, मी विचारलं, काय म्हणतात.

"नाही म्हणालेत." तिने पुन्हा एकदा वरून खाली नजर फिरवली. माझ्याकडे बघितलं नाही. "पण काय गं, चोवीस वर्षांत त्यांची किती पत्रं आली मला, एकही कधी एका वाचनात कळलं नाही. हे बघ, एका वाचनात कळलं. कुठं अडलं म्हणून नाही." मग पत्राची घडी घातली, कपाटावर ठेवली, आणि भाजी निवडायला बसता बसता म्हणाली, "कुणी लिहिलंय कुणास ठाऊक... चांगलं शिकलेलं माणूस दिसतंय."